गोळी डॉक्टरची, भांडं माझं

आमच्या घरमालकीणबाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. एर्लांगेनमध्ये इतकी वर्षं काढूनही ते मला नीट उच्चारता आलं नाही, आणि चुकीचं उच्चारलेलं त्यांना खपत नसे. "त्यापेक्षा काही म्हणूच नका," असं त्यांनीच एकदा वैतागून सांगितलं. मग घरात आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायला लागलो आणि तोंडावर 'फ्राउ डॉक्टर'. तशा त्या डॉक्टर चीनमध्ये होत्या, जर्मनीत नव्हत्या. इथे तळमजल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं चिनी उपचारांचा छोटासा दवाखाना चालवला. म्हातारपणी तो बंद केला, पण दारावरची पाटी काढली नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पाटीने कुणाचं पोट बिघडत नाही."

जर्मनीत भाड्याचं घर मिळवणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी मिळवलंय त्यांनाच ठाऊक. आम्ही हे घर बघायला आलो तेव्हा जिन्यापर्यंत रांग होती. प्रत्येकाच्या हातात कागदांची फाइल, आमच्याही होती, चांगली प्लास्टिकच्या कव्हरात घातलेली. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. ठेंगण्या, ताठ, आणि ऐन जूनमध्ये अंगात कापूस भरलेलं जाकीट. आम्हा दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "जीभ दाखवा."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "काढ बाबा, घर हवंय ना?" मग आम्ही दोघं, चांगले शिकलेसवरलेले इंजिनिअर, रांगेतल्या सगळ्यांसमोर जीभ बाहेर काढून उभे राहिलो.

"सकाळी काय खाता?"

"म्युसली," नवरा म्हणाला.

"फ्रिजमधलं दूध घालून?"

"हो."

आम्ही त्यांच्या दारात कचरा टाकला असावा असा चेहरा केला बाईंनी. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "घर देते. पण हे सुधारायचं." आमच्या ओळखीत जिभेवर घर मिळवलेलं हे एकच कुटुंब आहे.

त्यानंतर आमची सुटका नव्हती. मी सकाळी एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात केळं अशी जिना उतरायला लागले की खालचं दार उघडायचं. "उभ्याने? पुन्हा उभ्याने?" मी म्हणायचे, "फ्राउ डॉक्टर, मीटिंग आहे." त्या म्हणायच्या, "मीटिंगला जठर घेऊन जाणार ना? मग त्याला आधी बसू दे." आणि मग ते ठरलेलं वाक्य, "एर्स्ट सिट्झन." आधी बसा. पोस्टमन असो, चिमणी साफ करायला आलेला माणूस असो, बाईंच्या स्वयंपाकघरात ज्याच्यासमोर वाटी आली त्याला आधी बसावं लागे. उभ्याने घोट घेतलेला दिसला की त्या सरळ हातातली वाटी काढून घेत.

मी हॉस्पिटलच्या मशीनचं सॉफ्टवेअर तपासते. माझ्या कामात 'असं वाटतं' हा शब्द चालत नाही. त्यामुळे बाईंचं आणि माझं वाजायचं, आणि खरं सांगायचं तर दोघींनाही त्याची चटक लागली होती. त्यांचं म्हणणं असं की माणसाच्या पोटात मधोमध एक भांडं आहे. जठर आणि प्लीहा मिळून ते सांभाळतात. खाल्लेलं सगळं तिथे पुन्हा एकदा शिजतं. भांड्याखालची आच मंदावली की अन्न नुसतं पडून राहतं, अंगात ओल धरते, आणि मग डायबेटिससारखी दुखणी उभी राहतात. त्यांच्याकडच्या जुन्या वैद्यांनी या दुखण्याला 'तहान आणि झीज' म्हटलेलं आहे. आणि या भांड्याला सगळ्यात मानवतं ते धान्य.

"पण धान्यानेच तर साखर वाढते!" मी म्हणायचे.

"कुठल्या धान्याने? कसं शिजवलेल्या? किती खाल्लेल्या?" बाई बोटांवर मोजत विचारायच्या. "आणि कुणाबरोबर खाल्लेल्या?"

"कुणाबरोबर याचा साखरेशी काय संबंध?"

"आल्झो, तर मग," बाई म्हणायच्या, "तुझ्या मशीनला विचार."



त्यांच्या खिडकीत काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या असत. बार्ली, बकव्हीट, काळा तांदूळ, हिरवे मूग, आणि बारीक पिवळं एक धान्य, जे त्या न्युर्नबर्गच्या एशियन दुकानातून रिजनल ट्रेनने पिशवी मांडीवर घेऊन आणत. दर शनिवारी त्यातलं आठवड्यापुरतं धान्य कोरडंच कढईत भाजायचं. खमंग वास सुटेपर्यंत. मग मुगाबरोबर शिजवायचं, पण मऊ नाही, दाताखाली येईल इतपतच. "पेज तापातून उठलेल्यासाठी," त्या म्हणायच्या. "साखरवाल्याला पेज द्यायची नाही, ती घशातून सरळ रक्तात पळते. त्याने दातांना काम द्यावं." वाटी भरून कधी वाढायच्या नाहीत. जरा भूक राहिली पाहिजे, हा नियम.

बाईंना स्वतःला जुना डायबेटिस होता, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. एकदा त्यांच्या टेबलावर गोळ्यांची डबी बघितली आणि मी जिंकल्याच्या थाटात म्हणाले, "म्हणजे तुम्हीसुद्धा गोळ्या घेताच की!"

"अर्थात घेते. मी काय वेडी आहे?" त्या म्हणाल्या. "गोळी डॉक्टरची, भांडं माझं. डॉक्टरने माझ्या भांड्यात हात घालायचा नाही, मी त्याच्या गोळीत घालत नाही." दवाखाना चालू असतानाही कुणी आपण होऊन गोळ्या बंद केल्या म्हणून सांगितलं तर त्याला त्या दारातूनच परत पाठवत. आधी डॉक्टरकडे जाऊन या, मग जीभ दाखवा.

त्यांचा नवरा इथलाच, फ्रँकोनियातला. मी आले त्याच्या आधीच तो गेला होता. हा गृहस्थ आयुष्यभर संध्याकाळी इथल्या रिवाजाप्रमाणे थंड जेवला, पाव, चीज, सॉसेज, काकडी. बाई त्याच्या ताटाशेजारी रोज एक गरम वाटी ठेवत. तो वाटीला हात लावून, "छान गरम आहे," म्हणे आणि पाव खाई. "मग भांडणं नाही झाली?" मी विचारलं. "कशाला? त्याने माझ्या वाटीला नावं ठेवली नाहीत, मी त्याच्या सॉसेजला ठेवली नाहीत. पण जेवलो मात्र समोरासमोर." आणि मग फ्रँकोनियन लोक म्हणतात तसं खांदे उडवून, "पास्ट शो." ठीक आहे, चालतंय.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग बाबा आले.

आई गेली त्याला वर्ष होत आलं होतं. बाबा सांगलीत एकटे. सिंचन खात्यातून रिटायर झालेला, धरणाच्या भिंतीवरून दिवसभर चालणारा माणूस. म्युनिकच्या विमानतळावर मी त्यांना बघितलं. शर्टाच्या आत माणूस आहे की नाही असं वाटावं इतके वाळले होते. डायबेटिस जुना होता, पण आई होती तोवर ताब्यात होता. आता साखर वर आणि वजन खाली. आमच्या हाउसआर्त्झ्टने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, रिपोर्ट बघून सांगितलं की असंच चाललं तर इन्शुलिन सुरू करावं लागेल, आणि त्याआधी हे गृहस्थ जेवतात काय ते शोधा.

"काही नाही खात मी," बाबा गाडीत म्हणाले. "धान्य तर पूर्ण बंद केलंय. व्हॉट्सॲपवर आलं होतं, धान्य सोडलं की शुगर जाते."

"मग खाता काय?"

"काहीतरी हलकं."

तीन महिन्यांचा व्हिसा होता. त्यानंतर बाबा परत सांगलीला जाणार, त्याच रिकाम्या घरात, आणि तिथे असेच खात राहिले तर काय होईल याचा विचार करून मला ऑफिसात काम सुचेना. भाकरी केली, शिवली नाही. वरणभात वाढला, "धान्य नको" म्हणाले. मी ओरडले, नवऱ्याने समजावलं. उपयोग शून्य. ताटावर तर ते बसतच नसत. ओट्याशी उभं राहून काहीतरी तोंडात टाकायचे आणि खोलीत जाऊन पडायचे.

एक दिवस मी घरून काम करत होते. दुपारी बेल वाजली. दारात बाई, नाक वर करून. "कुणीतरी तूप आणि जिरं तळतंय," म्हणाल्या आणि सरळ आत. ओट्याशी बाबा उभे, हातात कढई, कढईत साबुदाण्याची खिचडी. बटाटा घातलेली, वर साखर भुरभुरलेली, तूप सुटलेली. मी कॉलवर असताना त्यांनी गपचूप केली होती. पिशवी सांगलीहूनच आणली होती. बाजूला रताळ्याचा कीस आणि खजूर.

"बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? उपवासाचं आहे! ह्यात धान्य कुठंय?"

मी कपाळावर हात मारला. इतका शिकलेला माणूस, धरणाचे हिशेब करणारा, आणि धान्य सोडलं म्हणून वर्षभर रोज उपवासाचं खात बसला होता! आपल्या माणसांशिवाय ही चूक जगात कुणी करणार नाही. साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, रताळं चालतं, कारण एकादशीला चालतं!

बाईंनी कढईतला एक दाणा उचलला, बोटांत दाबला, ताणून बघितला. "ही तर खळ आहे," म्हणाल्या. "शर्टाच्या कॉलरला लावा. माणसाला कशाला?"

मी भाषांतर केलं. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ह्या कोण?"

"घरमालकीण. चिनी वैद्य आहेत."

"जीभ दाखवा," बाई म्हणाल्या.

"मी काय शाळेतला पोरगा आहे?" बाबा म्हणाले, पण बाईंच्या नजरेसमोर जीभ काढली. बाईंनी जीभ बघितली, मनगट धरून बराच वेळ नाडी बघितली. मग मला विचारलं, "यांना आधी जेवायला कोण वाढायचं?"

"आई. गेली ती."

"आणि आता हे कुणासमोर बसून जेवतात?"

मी ओट्याकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "आमच्यात माणूस सतत एकच गोष्ट मनात घोळवत बसला की ते प्लीहेला लागतं असं मानतात. धान्यही तिथेच जातं. यांचं भांडं धान्याने बिघडलेलं नाही. ते बायकोला आठवत बसतात, म्हणून धान्य उतरत नाही. व्हॉट्सॲप हा बहाणा."

प्लीहेचं मला तेव्हाही पटलं नाही. पण हे सगळं मी बाबांना मराठीत सांगितलं, आणि बाबांनी कढई खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "हिच्या हातची भाकरी सोडून दुसरी तोंडात फिरते, बाळ. गिळताच येत नाही. लोकांना काय सांगायचं? शुगर आहे म्हणून सांगतो." मी रडायला लागले. बाबाही रडले. बाई तेवढ्यात साबुदाण्याची पिशवी काखेत मारून खाली निघूनही गेल्या होत्या.

नंतरच्या शनिवारी बाईंनी नेहमीसारखं धान्य भाजायला घेतलं. वास जिन्यातून वर आला. बाबा पलंगावर पडले होते, ते उठून बसले. "अगं, हा धान्यफराळाचा वास!"

माझ्या आधी लक्षातच आलं नव्हतं. आई चातुर्मासात धान्यफराळ करायची, म्हणजे प्रत्येक धान्य आधी भाजायचं आणि मगच त्याचं काय ते करायचं. चार महिने घरात हाच वास असायचा. बाबा चपला शोधायला लागले. आल्यापासून पहिल्यांदा कुणी न सांगता जिना उतरले. मी मागोमाग.

बाईंच्या ओट्यावर कढईत ते बारीक पिवळं धान्य तडतडत होतं. बाबांनी चिमूट उचलून तळहातावर घेतली. "हे राळे आहेत! राळ्याचा भात, भोगीला! अहो, हे तुमच्याकडे कसे?" हे सगळं अस्सल सांगली मराठीत, चिनी बाईंना. बाईंनी जर्मनमध्ये उत्तर दिलं की त्यांच्या गावाकडे बाळंतिणीला हेच देतात. दोघांना एकमेकांचं अक्षर कळलं नाही आणि दोघांनी जोरजोरात माना डोलावल्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर बाईंनी हाताने गप्प केलं.

राळे आणि मूग शिजले. बाबांनी सवयीने वाटी घेतली आणि ओट्याशीच उभे राहिले. बाईंनी वाटी काढून घेतली.

"एर्स्ट सिट्झन."

हे भाषांतराशिवाय कळलं. बाबा बसले. बाई समोर बसल्या. त्यांनी स्वतः पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि बाबांकडे बघत राहिल्या. बाबांनी घास घेतला. तोंडात बराच वेळ फिरवला. मला वाटलं आता उठून जातील. मग तो घास उतरला. दुसरा घेतला. मी दारात उभी होते, आणि एका वाटीकडे इतकं टक लावून मी कधी बघितलं नव्हतं.

मग तो परिपाठच झाला. बाबा रोज खाली जेवायला. गोळ्यांच्या वेळा बाई सांभाळायच्या, जेवणानंतर दोघं रेग्नित्झ नदीच्या काठाने चालायला जायचे, आपापल्या भाषेत बडबडत. पुढच्या तपासणीला डॉक्टर खूश. साखर उतरली होती, वजन धरलं होतं, इन्शुलिनचं नाव मागे पडलं. मी जिन्यात बाईंना बजावलंच, "ह्यात प्लीहेचं काही नाही हं. गोळ्या वेळेवर घेतल्या, साबुदाणा बंद झाला, चालणं सुरू झालं."

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि कुणाबरोबर?"

बाबा परत जायची वेळ आली तेव्हा माझी भीती तीच होती. बाईंनीच तोडगा काढला. इथला सकाळचा नाश्ता आणि सांगलीतलं दुपारचं जेवण एकाच वेळी येतं. बाईंनी आपला टॅबलेट काळ्या तांदळाच्या बरणीला टेकवून ठेवला. बाबा तिकडून फोन लावायचे, ताट समोर घेऊन. आधी दोघं बसायचे, मग दोघं जेवायचे. बोलणं फारसं नाही. मी ऑफिसला निघताना खालून बाबांचा आवाज यायचा, "आज शेपूची भाजी आहे बरं का, डॉक्टरीणबाई," आणि बाईंचा, "या, या," म्हणजे जर्मनमधलं 'हो, हो'. सांगलीच्या बाजारात राळे मिळायला लागले होते, ते भाजायलाही बाबा शिकले. भाकरी करायलाही एक मावशी ठेवल्या. ती भाकरी उतरायला लागली होती.

या मार्चमध्ये बाई गेल्या. आदल्या आठवड्यात छातीत दुखायला लागलं, हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथल्या थंड पावाला नावं ठेवली, आणि पहाटे गेल्या. मधले दिवस मी बाबांना 'जरा बरं नाहीये' एवढंच सांगितलं होतं. मी हॉस्पिटलमधून परत आले तेव्हा बाबांच्या फोनची वेळ झाली होती. रोज ते लावून बघत होतेच. मी किल्ली घेऊन बाईंच्या स्वयंपाकघरात शिरले, आणि टॅबलेट वाजायला लागला. आई गेल्यावर वर्षभर जो माणूस जेवला नव्हता, त्याला मी आता हे सांगणार होते, आणि तेही तो ताटावर बसलेला असताना.

"तू?" बाबा म्हणाले. "डॉक्टरीणबाई कुठायत?"

मी सांगितलं.

बाबांनी ताटावरचा हात मागे घेतला. मग ताट बाजूला सारलं आणि उठले. समोर नुसती रिकामी खुर्ची दिसत होती आणि मागची भिंत. मी "बाबा, बाबा" अशा हाका मारत राहिले. संपलं, असं मला वाटलं. पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नळाचा आवाज आला. बाबा हातपाय धुऊन, तोंड पुसत परत आले. डोळे लाल. खुर्चीत बसले आणि ताट जवळ ओढलं, पण हात लावला नाही.

"तुझ्यासमोर काय आहे?"

"काही नाही. मला भूक नाहीये, बाबा."

"बघ तिथे. बरणीत भाजलेले राळे असतील. त्या आजारी पडायच्या आधीच्या शनिवारचे. शिजव. मी थांबतो."

मी राळे आणि मूग शिजत घातले. बाबांनी आपल्या ताटावर दुसरं ताट झाकलं आणि तिकडे बसून राहिले. मधूनच, "मीठ घातलंस का?" एवढंच विचारलं. शिजल्यावर मी वाटीत घेतलं आणि रडतरडतच, ओट्याशी, पहिला चमचा तोंडाकडे नेला.

"उभ्याने नाही," बाबा म्हणाले. "एर्स्ट सिट्झन."

मी बाईंच्या खुर्चीत बसले. मग बाबांनी झाकण काढलं आणि घास घेतला.